जुन्या रास्पबेरी पायवर गाणं अडखळतंय : बफरला हात लावण्याआधी

२०१२ सालचा रास्पबेरी पाय हा एका बोर्डवरचा छोटा संगणक, त्याला एक यूएसबी डॅक (डिजिटल डेटाचा ॲनालॉग आवाज करणारा डबा) आणि मागे घरातला जुना ॲम्प्लिफायर. एवढ्या सामानात चांगला म्युझिक स्ट्रीमर होतो आणि सुरुवातीला तो विनातक्रार वाजतो. मग कधीतरी विलंबित ख्यालात मध्येच 'टक्' होतं. रीस्टार्ट केला की थांबतं, चार-आठ दिवसांनी पुन्हा सुरू. कोणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला : बफर, म्हणजे वाजवण्याआधी जमवून ठेवलेला डेटाचा साठा, वाढव. तो वाढवला की दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

माझं मत असं की या बोर्डवर बफर हा जवळजवळ शेवटचा उपाय आहे. त्याआधी वीज आणि यूएसबी बघायची, आणि बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

इथे डोळ्यांसमोर आहे तो मॉडेल बी : ५१२ एमबी रॅम, ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोर, दोन यूएसबी पोर्ट. बी प्लस, पाय २ आणि पाय ३ यांनाही यातलं बरंच लागू पडतं, कारण २०१९ मध्ये पाय ४ येईपर्यंत या बोर्डांवर लॅन आणि यूएसबी एकाच वाटेने जात होते. कमांड आणि सेटिंगची नावं खाली देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

आधी नीट ऐका

'ग्लिच येतो' एवढ्यावर काही ठरत नाही. गाणं थांबून क्षण-दोन क्षण शांतता होते आणि मग पुढे सुरू होतं, तेव्हा डेटा वेळेवर पोचलेला नसतो : नेटवर्क, मेमरी कार्ड किंवा डीकोडर (फाइल उलगडणारा भाग). गाणं न थांबता मध्ये बारीक टक् येते, सूर तुटल्यासारखा वाटत नाही पण कानाला खुपतं, तेव्हा संशय यूएसबीवर. सगळा आवाजच चरचरतो, जणू स्पीकरचा कागद फाटलाय, तेव्हा वीज, सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने) किंवा डॅकची जोडणी. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला 'फट्' होतं ते प्रकरण वेगळं आणि किरकोळ, त्याचं शेवटी बघू. आणि सतत 'हूं' असा घुमारा असेल तर तो ग्लिच नव्हेच, तो अर्थिंगचा प्रश्न. सेट-टॉप बॉक्सची केबल ॲम्प्लिफायरमधून काढून बघा. घुमारा गेला तर पायला दोष देऊ नका.

तपासायला कुठलं संगीत लावता यावरही बरंच अवलंबून आहे. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली जुनी नाट्यगीतं या कामाला अजिबात लावू नयेत. त्यांच्यात मुळातच इतकी टकटक असते की तबकडीची कुठली आणि बोर्डची कुठली हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. तबला किंवा ढोलकी असलेलं गाणंही नको, थापेखाली टक् लपते. उत्तम म्हणजे नुसत्या तानपुऱ्याची फाइल. त्यात अचानक काहीच घडत नाही, आणि जवारीचा झणत्कार कानात बसला की त्यातली उपरी टक् लगेच बाहेर पडते. ज्यांना तानपुऱ्याचा कंटाळा आहे त्यांनी 'स्पीकर-टेस्ट' या कमांडने साइन सूर वाजवावा, पण तो दहा मिनिटं ऐकून दाखवावा!

लॉग बोलतो की गप्प बसतो

ऐकून झालं की लॉग, म्हणजे प्लेअरने लिहून ठेवलेल्या नोंदी, उघडा. एमपीडी या प्लेअरच्या लॉगमध्ये 'डीकोडर इज टू स्लो, प्लेइंग सायलेन्स टू अव्हॉइड एक्सरन' अशा अर्थाची ओळ दिसली, किंवा स्क्वीझलाइट या दुसऱ्या प्लेअरच्या लॉगमध्ये 'अंडररन' शब्द आला, तर प्लेअर स्वतःच सांगतोय की मला माल वेळेवर मिळाला नाही. मग नेटवर्क, कार्ड आणि सीपीयू या बाजूला जायचं.

कानाला टक् ऐकू येते आणि लॉग मात्र कोरा, असं असेल तर प्लेअरने आपलं काम चोख केलेलं आहे. माल त्याच्या हातून निघाल्यावर वाटेत हरवतोय. मग बफर दुप्पट करा नाहीतर दसपट, फरक शून्य. लोकांचे आठवडे वाया जातात ते इथेच.

खात्री करायला एक चाचणी आहे. सीडी दर्जाचा, म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचा स्टिरिओ आवाज सेकंदाला १७६.४ किलोबाइट जागा घेतो. पाच मिनिटांची वेव्ह फाइल साधारण ५३ एमबीची होते आणि ५१२ एमबीच्या बोर्डवर ती सरळ रॅममध्ये मावते. ती 'डेव्ह-एसएचएम' या फोल्डरमध्ये कॉपी करा, हे फोल्डर रॅममध्येच असतं. एमपीडी किंवा जो प्लेअर असेल तो बंद करा. मग 'एप्ले' कमांडने ती फाइल थेट हार्डवेअर डिव्हाइसवर वाजवा, डीफॉल्ट डिव्हाइसवर नको. केबल काढल्यावरही कमांड चालू राहावी म्हणून तिच्याआधी 'नोहप' लावा आणि गाणं सुरू झालं की लॅनची केबल काढून टाका.

आता नेटवर्क नाही, कार्ड वाचायचं नाही, डीकोडिंग नाही, वेब इंटरफेस नाही. तरीही टक् आली तर या सगळ्यांची निर्दोष सुटका, उरले वीज, यूएसबी, डॅक आणि पुढच्या वायरी. टक् गेली तर उलटं. पुढचं वाचताना कुठला भाग तुमच्या कामाचा आहे हे या पाच मिनिटांत ठरतं.

वीज : चार्जरवरचा आकडा वाचू नका, बोर्डवर मोजा

'चार्जर दोन ॲम्पिअरचा आहे' हे उत्तर मला नेहमी मिळतं. चार्जर असेल हो, पण मधली केबल? बाजारातल्या बारीक मायक्रो यूएसबी केबलमध्ये बऱ्याचदा २८ गेजची तार असते. त्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. एक मीटर जायला, एक मीटर यायला, म्हणजे ०.४२. मॉडेल बीने ७०० मिलीॲम्पिअर ओढले की केबलमध्येच ०.३ व्होल्ट गळतात. चार्जरच्या तोंडाशी पाच असलेले बोर्डवर ४.७ उरतात, आणि यूएसबीच्या हिशेबाने खालची मर्यादा ४.७५ आहे. त्यात डॅक आपली वीज त्याच पोर्टातून घेतो. तीच केबल २४ गेजची, म्हणजे जाड तारेची असेल तर गळती ०.१२ व्होल्टवर येते. काही चार्जरवर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट लिहिलेलं असतं, ते याच गळतीची भरपाई म्हणून.

बी प्लसपासून पुढच्या बोर्डांवर वीज ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरली की लाल दिवा विझतो, आणि 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' या कमांडमध्येही ते दिसतं. उत्तर सरळ शून्य असेल तर ठीक. शून्य-एक्स-५०००० आलं तर चालू केल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती, आत्ता ठीक आहे. शेवटच्या जागी ५ असेल तर आत्ताही कमीच आहे. मूळ मॉडेल बीला मात्र ही सोयच नाही. त्याचा लाल दिवा वीज कितीही डळमळली तरी निवांत पेटलेला असतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

मग मल्टिमीटर काढायचा. मॉडेल बीवर टीपी १ आणि टीपी २ असे दोन छोटे तपासबिंदू छापलेले आहेत. मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल टोक टीपी १ वर, काळं टीपी २ वर. बोर्ड गप्प असताना मोजून उपयोग नाही. गाणं वाजत असताना, डॅक लावलेला असताना, यूएसबी डिस्क असेल तर ती फिरायला लागते त्या क्षणी काय होतं ते बघा. आकडा ४.७५ च्या खाली डोकावला तर बाकी काहीही तपासू नका, आधी आखूड आणि जाड केबल, मग चार्जर.

केबल नवी, चार्जर नवा, तरी टीपी १ वर व्होल्टेज कमी, असं असेल तर मायक्रो यूएसबी सॉकेटजवळचा एफ ३ हा पॉलिफ्यूज बघा. हा फ्यूज जळत नाही, जास्त करंट गेला की तापतो आणि त्याचा रोध वाढतो, गार झाला की बराचसा पूर्वपदावर येतो. बराचसा, पूर्ण नाही, आणि लगेचही नाही. एकदा का कोणी डॅक किंवा डिस्क लावताना शॉर्ट केलं असेल तर पुढे कित्येक दिवस त्याचा रोध जास्त राहू शकतो. शिवाय खोलीचं तापमान वाढलं की त्याची झेपेल ती करंटमर्यादा खाली येते. डिसेंबरात ठणठणीत असलेला बोर्ड नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, बंद शोकेसमध्ये ठेवल्यावर टकटकायला लागतो त्यामागे हेही कारण असतं. फ्यूजच्या दोन टोकांमध्ये मीटर लावा. गाणं वाजताना ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर फ्यूज थकलाय. बोर्ड बंद करून गार होऊ द्या, हवेशीर ठेवा, तरीही तोच आकडा आला तर तो बदलून घ्या. मोबाइल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत बदलून देईल.

वीजच आहे म्हणून आणखी एक : फ्रिज चालू होताना किंवा ट्यूब लावताना टक् येत असेल तर ती बाहेरून आलेली आहे. स्ट्रीमर आणि ॲम्प्लिफायर एकाच स्विचबोर्डात लावा, फ्रिज दुसरीकडे. स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्ह देत नाहीत. लाइट गेल्यावरच आवाज चरचरत असेल तर पाय तपासत बसण्यात अर्थ नाही.

यूएसबी : एकच वाट, सगळ्यांची

मॉडेल बीच्या मुख्य चिपमधून यूएसबीची एकच जोडणी बाहेर येते. ती लॅन ९५१२ नावाच्या चिपला जाते आणि त्या चिपमध्ये हबही आहे आणि लॅनही. म्हणजे गाण्याचा डेटा लॅनवरून आला तरी यूएसबीतूनच आत येतो, मग डॅककडे जाताना त्याच यूएसबीतून बाहेर पडतो. वायफाय डाँगल आणि डिस्क लावली तर तीही तिथेच.

गर्दी एवढीच अडचण असती तर निभावलं असतं, कारण सीडी दर्जाच्या आवाजाला सेकंदाला फक्त १.४ मेगाबिट लागतात. खरी अडचण वेळेची आहे. यूएसबीवर आवाज 'आयसोक्रोनस' पद्धतीने जातो. दर मिलिसेकंदाला एक पाकीट : ४४.१ किलोहर्ट्झला नऊ पाकिटांत ४४-४४ नमुने, दहाव्यात ४५. हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवायची सोय या पद्धतीत नाही. एसटी ठरल्या क्षणी सुटते, त्या वेळी थांब्यावर नसलेला प्रवासी राहिला तो राहिला, आणि आगारात कितीही प्रवासी जमवून ठेवले तरी सुटलेली गाडी परत येत नाही. बफर म्हणजे ते आगार.

आता बरेचसे स्वस्त डॅक 'फुल स्पीड', म्हणजे १२ मेगाबिटचे असतात आणि लॅन ९५१२ मधला हब 'हाय स्पीड', म्हणजे ४८० मेगाबिटचा. संथ उपकरण वेगवान हबमागे असलं की प्रत्येक पाकिटाचे दोन तुकड्यांत व्यवहार करावे लागतात आणि त्यांची वेळ १२५ मायक्रोसेकंदांच्या मापात साधावी लागते. पायच्या मुख्य चिपमधला यूएसबी कंट्रोलर ते काम स्वतः करत नाही, सीपीयूवर ढकलतो. सेकंदाला ८००० वेळा हाक मारली जाते आणि बिचारा एकच कोर. तो दुसरीकडे गुंतला की पाकीट चुकतं आणि लॉग कोराच राहतो.

उपाय काय? पहिला, कर्नल आणि फर्मवेअर अद्ययावत करणं. नंतरच्या कर्नलमध्ये हे काम 'एफआयक्यू' या सर्वांत तातडीच्या इंटरप्टकडे (सीपीयूला मारलेल्या हाकेकडे) दिलं आहे आणि त्याने फार मोठा फरक पडला. पण जुनं कार्ड वर्षानुवर्षं अपडेट करत आणलेलं असेल तर बूट विभागातली 'सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी' उघडून बघा. जुन्या सल्ल्यांवरून टाकलेला एफआयक्यू बंद करणारा पर्याय तिथे अजून बसलेला असू शकतो. तो काढा. ही फाइल सगळी एकाच ओळीत असते, चुकून एंटर मारलात तर बोर्ड बूट होणार नाही. नव्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये ती 'बूट' ऐवजी 'बूट-फर्मवेअर' फोल्डरात आहे.

दुसरा उपाय जुना आणि रांगडा : त्याच ओळीत शेवटी 'डीडब्ल्यूसी_ओटीजी.स्पीड=१' जोडायचं. त्याने सगळी यूएसबीच १२ मेगाबिटवर येते, दोन तुकड्यांचा व्यवहार उरत नाही आणि टक् जाते. किंमतही मोजावी लागते, कारण लॅनसुद्धा तेवढ्यातच भागवते. सीडी दर्जाच्या फ्लॅक फाइल (दर्जा न घटवता आकसलेल्या) आरामात वाजतात, २४ बिट ९६ किलोहर्ट्झला ओढाताण होते, १९२ किलोहर्ट्झचं नाव काढू नका. हाय स्पीड लागणारा डॅक असेल तर तो कदाचित बोलणारच नाही. मला हा उपाय निदानापुरता आवडतो : टक् गेली म्हणजे चोर सापडला. कायमचा ठेवावा असं नाही.

तिसरा उपाय मला जास्त पटतो, तो म्हणजे यूएसबीवरचं ओझं काढणं. या बोर्डवर मेमरी कार्डाची वाट यूएसबीपासून वेगळी आहे. सीडीवरून केलेला फ्लॅक अल्बम सरासरी ३०० एमबी धरला तर ६४ जीबीच्या कार्डात दोनेकशे अल्बम बसतात. रोज ऐकायचं संगीत कार्डावर टाका, डिस्क काढून ठेवा. वीजही वाचते आणि वाटही मोकळी होते. स्वतःची वीज असलेला हब लावूनही विजेचा ताण कमी होतो, पण वेळेचं गणित तसंच राहतं, त्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर हे सगळं करण्याआधी प्लग साफ करा. खाऱ्या दमट हवेत यूएसबीच्या पट्ट्या आणि मागच्या आरसीए पिना काळवंडतात. वायर हलवली की खरखर बदलते, हे त्याचं लक्षण. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी एवढं पुरतं.

लॉग बोलत असेल तर

आता उलट बाजू. प्लेअर 'माल मिळाला नाही' म्हणतोय.

संध्याकाळी सात ते दहाच अडखळतं, दुपारी नाही? अपार्टमेंटमध्ये त्या वेळी प्रत्येक घरातलं वायफाय जागं असतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. फोनवरच्या वायफाय ॲनालायझरने त्यातलं रिकामं बघून राऊटरवर ते पक्कं करा. त्याआधी डाँगलची वीजबचत बंद करा, कारण काही क्षण डेटा नसला की तो डुलकी काढतो आणि जागा व्हायला वेळ लावतो. 'आयडब्ल्यू' कमांडने 'पॉवर_सेव्ह ऑफ' होतं. रिअलटेक ८१९२सीयू ड्रायव्हरच्या जुन्या डाँगलला ते मॉड्यूलच्या पर्यायांत लिहावं लागतं. शक्य असेल तर सरळ लॅनची केबल ओढा. राऊटर शेजारच्या खोलीत असताना वायफायवर तास घालवणं मला कधीच पटलेलं नाही.

रोज एका ठरावीक वेळी अडखळत असेल तर घड्याळ बघा. रास्पबेरी पाय ओएस ज्यावर उभं आहे त्या डेबियनच्या क्रॉनमध्ये, म्हणजे कामांच्या वेळापत्रकात, रोजची कामं ६:२५ ला सुरू करायची पद्धत आहे, आणि अपडेटचा टायमरही सकाळी सहा ते सातच्या दरम्यान उठतो. भक्तिसंगीताची वेळ नेमकी तीच. एकच कोर, त्यावर पॅकेजच्या याद्या उलगडणं आणि लॉग दाबून ठेवणं सुरू झालं की गाणं मागे पडतं. यात एक गंमत आहे. रास्पबेरी पाय ओएसचा टाइमझोन तुम्ही बदलला नाहीत तर तो लंडनचा असतो. मग ती ६:२५ ची कामं आपल्याकडे हिवाळ्यात ११:५५ ला होतात आणि लंडनमध्ये उन्हाळी वेळ लागली की १०:५५ ला. मार्चअखेरीपर्यंत दुपारी बाराच्या सुमारास येणारी अडखळ अचानक अकराच्या सुमारास येऊ लागली, तर भुताटकी नव्हे. टाइमझोन आशिया-कोलकाता करा आणि 'सिस्टीमसीटीएल लिस्ट-टायमर्स' चालवून कुठलं काम कधी उठतं ते बघून अपडेटचे टायमर बंद करा किंवा पहाटे तीनवर ढकला.

सीपीयूचं बघायचं तर 'टॉप' कमांड उघडी ठेवून गाणं लावा. नुसतं फ्लॅक उलगडणं ७०० मेगाहर्ट्झला जड नाही. जड आहे ते रीसॅम्पलिंग, म्हणजे सॅम्पल रेट बदलणं. डीफॉल्ट डिव्हाइसवर गाणं गेलं तर मध्ये बसलेला मिक्सर सगळं ४८ किलोहर्ट्झ करून टाकतो. प्लेअरमध्ये एसओएक्सआर या रीसॅम्पलरचा 'व्हेरी हाय' दर्जा निवडला असेल तर या बोर्डची दमछाक होणारच. 'प्रॉक-असाउंड' फोल्डरमध्ये त्या साउंड कार्डाची 'एचडब्ल्यू_पॅराम्स' फाइल गाणं चालू असताना वाचा. फाइल ४४१०० ची असून तिथे ४८००० दिसलं तर मध्ये कोणीतरी लुडबुड करतंय. प्लेअरला थेट हार्डवेअर डिव्हाइस द्या, आणि ते क्रमांकाने देऊ नका, साउंड कार्डाच्या नावाने द्या. रीस्टार्टनंतर शून्य आणि एक क्रमांकांची अदलाबदल होते आणि 'कालपर्यंत चालत होतं' ही तक्रार तिथून येते.

फोनवरून अल्बमची चित्रं स्क्रोल करतानाच अडखळत असेल तर भारी वेब इंटरफेसचं हे काम आहे. या बोर्डला पायकोअरप्लेअरसारखी रॅममधून चालणारी हलकी सिस्टीम शोभते. स्वॅप बंद करा, ग्राफिक्सची मेमरी १६ एमबीवर आणा, लॉग रॅममध्ये ठेवा.

आणि आता बफर. एका ठिकाणी तो खरोखरच योग्य उपाय आहे : थेट इंटरनेट रेडिओ. अस्मिता वाहिनी असो नाहीतर कुठलंही परदेशी स्टेशन, तिकडच्या प्रसारणाचं घड्याळ आणि तुमच्या डॅकचं घड्याळ तंतोतंत जुळत नाही. दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखांत ५० भागांचा फरक असणं अगदी सामान्य. त्या हिशेबाने तासाला ०.१८ सेकंद. डॅक जरा घाईचा असेल आणि प्लेअरने अर्ध्या सेकंदाचाच साठा धरला असेल तर पावणेतीन तासांत साठा संपतो, गाणं थांबतं, पुन्हा साठा भरतो, पुन्हा पावणेतीन तास. दहा सेकंदांचा साठा धरलात तर तीच वेळ ५५ तासांवर जाते, आणि तितका वेळ सलग कोण ऐकतंय? फाइल वाजवताना हा प्रश्न नसतो, कारण तिथे घड्याळ फक्त डॅकचं चालतं.

यूएसबी सोडून द्यायचं असेल तर

वर सांगितलेलं करूनही मॉडेल बीवर क्वचित एखादी टक् उरते, आणि एकदा ती ऐकायची सवय लागली की चैन पडत नाही. त्यावर इलाज म्हणजे आय-टू-एस. हा आवाज मुख्य चिपमधून थेट पिनांवर येतो, यूएसबीशी त्याचा संबंधच नाही. पीसीएम ५१०२ चिपचा छोटा जांभळा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो.

बी प्लसपासून पुढे ४० पिनांच्या पट्टीवर १२, ३५ आणि ४० या तीन पिना लागतात, त्याशिवाय वीज आणि ग्राउंड. मूळ मॉडेल बीच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र हे सिग्नल मुख्य पट्टीवर नाहीत. पी ५ नावाच्या आठ छिद्रांवर आहेत आणि तिथे पिना स्वतः सोल्डर कराव्या लागतात. ती छिद्रं खालच्या बाजूने पिना बसवण्यासाठी आखलेली आहेत, त्यामुळे हाताशी असलेला नकाशा वरून काढलाय की खालून हे दोनदा बघा. पाच व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट तिथे शेजारी शेजारी बसलेत. 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी' मध्ये 'हायफायबेरी-डॅक' हा ओव्हरले (जोडलेल्या हार्डवेअरची ओळख करून देणारी सेटिंग) लावला की हा साधा बोर्डही चालतो. मूळचा ऑडिओ बंद करा.

आता त्या जांभळ्या बोर्डची खोड. जोडला, सुरू केला आणि आवाज आला तो चरचरत, किंवा डॅकवर बोट ठेवलं की बदलणारा, तर एससीके ही पिन बघा. पाय या पिनेसाठी वेगळं घड्याळ देत नाही. पिन ग्राउंडला जोडलेली असली की चिप आपलं घड्याळ आतल्या आत तयार करते. ती मोकळी राहिली तर हवेतला गोंगाट उचलते आणि चिप गोंधळते. बोर्डच्या वरच्या बाजूला एससीकेशेजारी दोन बारीक ठिपके असतात, त्यांच्यावर सोल्डरचा एक थेंब टाकून ते जोडायचे. तेवढी सोय नसेल तर एससीके आणि ग्राउंडमध्ये तारेचा तुकडा चालतो. उलट्या बाजूला एच१एल ते एच४एल अशा चार जागा आहेत. त्यातली तिसरी वरच्या व्होल्टेजला आणि बाकी तीन ग्राउंडला हवी. तिसरी ग्राउंडला गेली तर डॅक मुका राहतो आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो.

राहिलं ते गाण्याच्या सुरुवातीचं 'फट्'. प्लेअर दर गाण्यानंतर डिव्हाइस बंद करून पुन्हा उघडतो तेव्हा ते येतं. एमपीडीच्या आउटपुटमध्ये 'ऑलवेज_ऑन' लावलं की डिव्हाइस उघडंच राहतं. बोर्डवरच्या ३.५ मिलिमीटर जॅकला हे पुरत नाही. त्याला 'ऑडिओ_पीडब्ल्यूएम_मोड=२' लावून बघा, फर्मवेअर अगदी जुनं नसेल तर खालच्या स्वरातली सळसळ कमी होते. ४४.१ वरून ९६ किलोहर्ट्झच्या फाइलवर जाताना येणारी टक् मात्र डॅकचा स्वभाव आहे, ती राहणार.

सगळं जुळलं की कार्डाची प्रतिमा संगणकावर उतरवून ठेवा आणि 'रास्पी-कॉन्फिग' मधून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा. मग लाइट अचानक गेली तरी कार्डावर अर्धवट काही लिहिलं जाणार नाही. नवीन गाणी टाकायची असतील तेव्हा तेवढ्यापुरतं ते बंद करावं लागतं.